रोज मरे त्याला कोण रडे?

सप्टेंबर २०२२ हा महिना पालघर जिल्ह्यातील जाणत्या माणसास सहजी विसरता येणार नाही. त्या महिन्याच्या ४ तारखेस चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी ठार झाले. दोघेही मागच्या आसनांवर होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच वसई पूर्वेत एका घरात चार्जिंगला लावलेल्या विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि झोपेत असलेला सात वर्षांचा मुलगा भाजून आठवड्याभरात दगावला. दोन्ही वार्तांनी जिल्हा हादरला. पहिलीनंतर सारा देश मोटारीच्या मागच्या पट्ट्याविषयी बोलू लागला. दुसरीनंतर वसई-विरारच्या घराघरांत बॅटरीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हे सर्व स्वाभाविकच होते. परंतु त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात, त्याच महामार्गावर आणि त्याच रेल्वेरुळांवर आणखी किती जीव गेले, हे आज कोणास आठवते काय? त्यांची नावे त्या वेळीही कोणी विचारली नव्हती.

त्या वर्षाचा हिशेब केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केला आहे. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५,२२४ एकट्या महाराष्ट्रातील. मृतांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत मुलांना शिकवीत असू. तेथील साधे त्रैराशिक मांडले, तर असे दिसते की देशात दररोज सुमारे १३७ माणसे उघड्या डोक्याने दुचाकीवरून निघाली आणि घरी परतली नाहीत. वसईच्या त्या बालकाचा मृत्यू ज्या आठवड्यात झाला, त्याही आठवड्यात हा आकडा साडेनऊशेच्या घरात असणार. त्या बालकासाठी आपण हळहळलो, ते योग्यच होते. या साडेनऊशेंसाठी आपण वर्तमानपत्राचे पान उलटले, हे मात्र योग्य होते असे म्हणवत नाही.

आमच्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. विषय होता विजेवरच्या दुचाकींचा. इमारतीच्या आवारात त्या चार्ज करू द्याव्यात की नाहीत, यावर दोन तास घनघोर चर्चा झाली. वयोवृद्ध सभासद तावातावाने बोलले, तरुण सभासदांनी परदेशातील स्फोटांच्या चित्रफिती दाखविल्या आणि अखेर बंदीचा ठराव एकमताने संमत झाला. विषयपत्रिकेवर पुढचा विषय पाण्याच्या टाक्या स्वच्छ करण्याचा होता. तो वेळेअभावी पुढील सभेवर ढकलण्यात आला. सभा संपल्यावर ठरावाचे एक कट्टर पुरस्कर्ते आपल्या पेट्रोलच्या स्कूटरवर पुढे नातवास उभे करून बाजारात गेले. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हते. या गृहस्थांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. ते सुशिक्षित आहेत, नातवावर त्यांचा जीव आहे आणि त्या जिवापोटीच ते सभेत भांडले. मग हे घडते कसे? एकच माणूस हजारात एखादा नव्हे, तर लाखात एखादा संभवणारा धोका पाहून थरथरतो आणि रोजचा धोका मांडीवर घेऊन हिंडतो, याचे कारण काय?

आमच्या मते कारण असे की भयालाही पत्ता लागतो. बॅटरीला कारखाना असतो, डब्यावर नाव असते, औषधाच्या बाटलीवर परवान्याचा क्रमांक असतो. अनर्थ घडला की बोट कोणाकडे दाखवावयाचे हे क्षणात कळते. संतापाला घर सापडते. उलट रस्त्यावरचा खड्डा, नळातले गढूळ पाणी, कचराभूमीचा धूर, ताटातले मीठ आणि गर्दीने फुटलेली लोकल यांना ना नाव, ना पत्ता. त्यांच्या बाबतीत बोट दाखवू गेले, तर ते कधी नगरपालाकडे, कधी शेजाऱ्याकडे आणि पुष्कळदा स्वतःकडेच वळते. स्वतःकडे वळलेले बोट माणूस फार वेळ धरून ठेवीत नाही. मग तो एक जुनी म्हण तोंडावर फेकतो, 'रोज मरे त्याला कोण रडे', आणि कामाला लागतो.

२०१५ च्या उन्हाळ्यातील मॅगीचे प्रकरण वाचकांस स्मरत असेल. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथील एका नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आढळल्याचा अहवाल आला आणि ५ जून रोजी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर विक्री थांबविण्याचा आदेश काढला. हजारो टन माल परत मागवून नष्ट करण्यात आला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. कंपनीचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नाही आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, हे त्यामागील कारण होते. न्यायालयाने सांगितलेल्या तीन प्रयोगशाळांत पुढे नमुने मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाविषयीची चिंता चुकीची होती असे नाही. मुलांच्या मेंदूस शिसे अपायकारकच. पण त्या दोन महिन्यांत घराघरांतून जी चर्चा झाली, तीत त्याच पाकिटातील मिठाविषयी कोणी शब्द काढल्याचे आम्हांस आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. आपण सरासरीने त्याहून बरेच अधिक खातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांस उच्च रक्तदाब आहे आणि मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. शिसे परक्याच्या कारखान्यात होते म्हणून आपण खवळलो. मीठ आपल्याच पापडात, लोणच्यात आणि फरसाणात होते म्हणून ते दिसले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

इतके वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, विरळा धोक्यांकडे काणाडोळा करावा असे आमचे म्हणणे आहे. तसे ते मुळीच नाही. 'रोज मरे' या म्हणीला उत्तर देणारी दुसरी म्हण आपल्याच भाषेत आहे: म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघाले आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या मृत्यूंमागची सारी साखळी उघडी केली: माल पुरविणारा, तो तपासल्यावाचून स्वीकारणारा, देखरेखीचे नाव घेऊन डोळे मिटणारा. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. हेच विष १९३७ साली अमेरिकेत एका औषधात निघून शंभरावर माणसे मेली होती आणि त्यानंतर त्या देशाने १९३८ चा कायदा केला होता. म्हणजे ही गोष्ट जगाला ठाऊक नव्हती असे नाही. तरीही २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू असताना गेली. जेथे ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही, तेथे त्या औषधाच्या नमुन्यात हे विष ४८.६ टक्के असल्याचे तमिळनाडूच्या प्रयोगशाळेने सांगितले. काळ सोकावला तो असा.

येथे मृत्यूंच्या केवळ संख्येवर तराजू झुकवणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. वीस बालके आणि पन्नास हजार दुचाकीस्वार असा हिशेब मांडून पहिल्यास क्षुल्लक म्हणणे हा विद्वत्तेचा अहंकार होय. आई खोकणाऱ्या मुलास चमचाभर औषध देते, ते वैद्यावर, दुकानदारावर आणि सरकारच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून. तिच्याजवळ प्रयोगशाळा नसते. बाटलीत काय आहे हे पाहण्याचा तिला मार्ग नसतो आणि म्हणूनच ते पाहण्याचे कर्तव्य दुसऱ्या कोणाचे तरी असते. ते न झाल्यास तो अपघात नसून विश्वासघात असतो. असा धोका लादलेला असतो, निवडलेला नसतो; म्हणून त्याविषयी समाजाने अधिक कठोर व्हावे हे न्याय्यच आहे. शिवाय तो टाळणे सोपे असते. कच्च्या मालाची चाचणी वेळीच झाली असती, तर ती सारी बालके वाचली असती.

परंतु हाच न्याय आपण पुढे का नेत नाही, हा आमचा प्रश्न आहे. लादलेला धोका तो अक्षम्य, असे जर आपण मानतो, तर विरारच्या सकाळच्या लोकलचे काय? २०२३ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसे मेली, म्हणजे दिवसास सात. ही आकडेवारी विरारच्याच एका नित्याच्या प्रवाशाने केलेल्या याचिकेतून २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर आली आणि न्यायालयाने रेल्वे प्रशासनास धारेवर धरले. दाराच्या दांडीला लोंबकळणारा तरुण तो धोका हौसेने पत्करतो असे का कोणास वाटते? त्याला नालासोपाऱ्यात घर परवडते आणि नोकरी अंधेरीस वा चर्चगेटला असते. मधली गाडी त्याने निवडलेली नसते. घटकाभर कल्पना करा की, बाजारात आलेल्या एखाद्या यंत्रामुळे या महानगरात दररोज सात माणसे मरत आहेत. ते यंत्र किती तास विकले जाईल? दुसऱ्या दिवशी मोर्चे निघतील, तिसऱ्या दिवशी विधानसभेत सभात्याग होईल, आठव्या दिवशी मालक कोठडीत असेल. रेल्वेचे सात मात्र आतल्या पानावरील तीन ओळींत मावतात.

तीच गोष्ट पाण्याची आणि हवेची. ज्या शहरातील कितीतरी वसाहतींनी वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेथे ते पाणी कोठून आले आणि तपासले गेले काय, हे विचारण्याची सोय गृहिणीस कितपत होती? औषधाच्या बाटलीपुढे उभी असलेली आई आणि टँकरपुढे उभी असलेली आई यांच्या असहायतेत फरक तो कोणता? गोखिवऱ्याच्या कचराभूमीचा धूर भोवतालच्या वस्तीने मागवून घेतलेला नाही. क्षयरोगाने देशात दर वर्षी सुमारे तीन लाख माणसे मरतात. त्यांनी तो रोग स्वखुशीने घेतलेला नसतो, तो कोंदट खोल्यांनी आणि अपुऱ्या अन्नाने त्यांच्या पदरी घातलेला असतो. आपण ज्याला नित्याचा धोका म्हणतो, त्याचा फार मोठा भाग असा लादलेलाच आहे. केवळ तो लादणाऱ्याचे नाव वेष्टणावर छापलेले नसते, म्हणून आपण त्याला नशीब हे नाव दिले आहे.

भय चुकीच्या जागी पडले म्हणजे काय होते, याचा धडा या प्रांताने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस सिद्ध केली आणि ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेतून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस ती टोचण्यात आली; त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांस पदावरून दूर केले गेले आणि लसीविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली. पुढे रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हा विषय लावून धरला. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना घडलेल्या निष्काळजीपणाचा असावा, असे दिसून आले आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. त्यांच्या नावे परळची संस्था १९२५ पासून ओळखली जाते. पण मधल्या त्या पाच वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसे नेली. एकोणीस मृत्यूंची चौकशी व्हावयास हवी होती यात शंका नाही; परंतु त्या एकोणिसांच्या भयाने लाखांवरचे उपचार अडखळावेत, हा कोणता न्याय?

हीच कथा आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडू पाहत होती. पुण्याच्या सीरम संस्थेच्या कोव्हिशील्ड लसीमुळे क्वचित् रक्ताच्या गाठी होतात, ही गोष्ट खरी होती. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने तिचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या आणि प्राणवायूसाठी नातलग रात्ररात्र धावत होते. समितीने आकडा दडवला नाही आणि लसही थांबविली नाही. विरळा धोक्याशी कसे वागावे याचा तो बऱ्यापैकी वस्तुपाठ होता. धोका मान्य करावा, मोजावा, सांगावा आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही त्याच वेळी दाखवावे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वस्तूंपासून संभवणाऱ्या विरळा धोक्यांचा बंदोबस्त आरडाओरडीने होत नाही. तो प्रयोगशाळा, निरीक्षक आणि नोंदवह्या यांच्या अबोल, अखंड कामाने होतो. बॅटऱ्यांच्या बाबतीत तसे घडले: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ असे दोन टप्पे करून सुरक्षेचे कडक निकष लागू करण्यात आले. अन्न व औषध प्रशासनाकडे पुरेसे निरीक्षक आणि सज्ज प्रयोगशाळा असाव्यात, प्रत्येक चाचणीचा निकाल लोकांस दिसावा, ही मागणी अनर्थ घडल्यानंतरच्या पंधरवड्यापुरती नव्हे, तर बारमास झाली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, नित्याच्या धोक्यांना आपण नाव आणि पत्ता दिला पाहिजे. हेल्मेटचा कायदा १९८८ पासून पुस्तकात आहेच; तो डोक्यावर यावयाचा राहिला आहे. वसई-विरार महानगरपालिकेने दर महिन्यास एक पत्रक काढावे: पाण्याचे किती नमुने तपासले आणि किती अशुद्ध निघाले, डेंग्यूचे व क्षयाचे किती रुग्ण आढळले, शहरातल्या कोणत्या रस्त्यावर किती जीव गेले. ज्याची मोजणी होते त्याची लाज वाटू लागते आणि ज्याची लाज वाटते ते फार दिवस टिकत नाही.

या दोषात आमचाही वाटा आहे, हे कबूल केल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अपूर्व ते वृत्त आणि नेहमीचे ते वृत्त नव्हे, हा आमच्या व्यवसायाचा जुना नियम. या नियमाने आम्ही वाचकांस जगाचे जे चित्र दाखविले, त्यात स्फोट मोठे झाले आणि खड्डे नाहीसे झाले. बॅटरीच्या स्फोटास पहिले पान आणि रुळावरच्या प्रेतास आतल्या पानाचा कोपरा, ही वाटणी आम्हीच केली. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, याच पानावर, या शहरात त्या महिन्यात रस्त्यांवर आणि रुळांवर किती माणसे गेली, याचा आकडा आम्ही छापू. त्यात सनसनाटी काही नसेल. कदाचित् दोनचार महिन्यांनी वाचक त्याला कंटाळतीलही.

परंतु ज्या घरातून माणूस सकाळी डबा घेऊन निघाला आणि परतला नाही, त्या घरास तो आकडा नेहमीचा नसतो. तेथे तो पहिलाच असतो आणि शेवटचाही. वसईच्या त्या बालकासाठी आपल्या डोळ्यांत जे पाणी आले, ते खरे होते. त्यातले थोडे त्या घरांसाठीही राखून ठेवता आले, तर 'रोज मरे त्याला कोण रडे' या म्हणीस या शहराने उत्तर दिले असे म्हणता येईल.